बिनऔषधाचे गुलाब

रडकी हसत होती, आणि ते बघून माळीणबाई हबकली.

रडकी म्हणजे एक वेली गुलाब. फूल पिवळं, दिसायला गोड, पण हवेत जरा ओल आली की हिच्या पानांवर काळे ठिपके उमटणार, पानं पिवळी पडणार आणि महिन्याभरात नुसत्या काड्या उरणार. दरवर्षी, न चुकता. म्हणूनच माळीणबाईने तिला मुद्दाम आणून सोळा झाडांच्या ओळीत मधोमध लावलं होतं. हिचा आजार वाऱ्याने, पाण्याच्या शिंतोड्यांनी शेजारणींवर जाणार, आणि त्यातूनही ज्या हिरव्यागार उभ्या राहतील त्याच खऱ्या, अशी तिची परीक्षा घ्यायची पद्धत होती. आणि आज, मुलीचं बाळंतपण आटपून पाच आठवड्यांनी घरी येऊन बघते तर रडकी बुंध्यापासून भिंतीच्या माथ्यापर्यंत हिरवीगार. एक ठिपका नाही, एक पिवळं पान नाही. दुसरी कुणी असती तर आनंदाने नाचली असती. माळीणबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

हातातली पिशवीही खाली न ठेवता तिने एक पान अंगठ्याने पुसलं. अंगठ्याला बारीक पांढरी भुकटी लागली. तेवढ्यात पिशवी घ्यायला नवरा बाहेर आला. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या चष्म्याच्या दोन्ही काचांवर तसेच पांढरे शिंतोडे वाळलेले होते.

"अहो, हिला काय झालं?"

"कुठं काय झालंय? छान आहे की."

"तेच विचारतेय. छान कशी?"

नवरा निवृत्त कंपाउंडर होता. चौतीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीमागे उभं राहून त्याने गोळ्या मोजल्या होत्या आणि बाटल्या भरल्या होत्या. त्याच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, औषध घेतलेली आणि औषध घ्यायची राहिलेली. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं. तो पायातल्या चपलेकडे बघत म्हणाला, "थोडंसं दिलं."

"काय दिलं?"

"बुरशीचं औषध. सौम्यच दिलं, मापाने."

"किती वेळा?"

"आठवड्यातून एकदा. जेवणानंतर."

"कुणाच्या जेवणानंतर?"

"माझ्या."

"फक्त रडकीला?"

"तसं कसं?" कंपाउंडरला हा प्रश्न अगदीच अन्यायाचा वाटला. "एकाला द्यायचं आणि बाकीच्यांनी तोंडाकडे बघत बसायचं? सगळ्यांना सारखा डोस. थांब, तक्ताच दाखवतो."

आणि त्याने खरोखरच आतून तक्ता आणला. तारीख, झाडाचा नंबर, डोस, शेरा. मोत्यासारखं अक्षर. शेऱ्याच्या रकान्यात पहिल्या आठवड्यात 'अशक्त' आणि पाचव्या आठवड्यात 'तब्येत सुधारली' असं लिहिलेलं होतं. माळीणबाई अंगणातल्या पायरीवर बसून रडायलाच लागली.

तिला रडू का कोसळलं ते समजायला दोन वर्षं मागे जावं लागेल. तेव्हा तिच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यांच्या हॉस्पिटलात ती आठ दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून पडून होती. वॉर्डच्या मधोमध उघडा चौक, चौकात रांगेने गुलाब लावलेले, सगळे म्हणायचे काय फुललेत, काय फुललेत. तिला त्याचा काय उपयोग? दिसत तर काही नव्हतं, आणि नाकाला वास यायचा तो फक्त फिनेलचा. कारण बागसाहेबांनी, म्हणजे हॉस्पिटलच्या बागांवर देखरेख करणाऱ्या साहेबांनी, मोठमोठ्या फुलांचे तांबडेलाल गुलाब निवडले होते, ज्यांना वास नावालाही नव्हता आणि रोग मात्र सगळे होते. मग दर आठवड्याला फवारणी. फवारणी असली की खिडक्या बंद. पट्टीखाली डोळे चुरचुरायला लागले की सिस्टर धावपळ करायच्या.

माळीणबाई एकतीस वर्षं एका नर्सरीत गुलाबांचे डोळे भरत होती. एका झाडाच्या फांदीवरचा डोळा चाकूने अलगद काढायचा, दुसऱ्याच्या सालीत बसवायचा आणि पट्टीने बांधायचा, हे काम तिने लाखभर वेळा केलं असेल. कुठला गुलाब विकायचा ते मालक ठरवायचे, कुठला घ्यायचा ते गिऱ्हाईक ठरवायचं. तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. पट्टी सुटायच्या दिवशी मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "काही त्रास?" आणि हिच्या तोंडून निघून गेलं, "त्रास तुमच्या गुलाबांचा आहे. वास नाही, आणि औषधाशिवाय एक दिवस जगत नाहीत. अशी झाडं आंधळ्यांच्या दारात लावतं का कुणी?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तुम्ही निवडून द्या."

बागसाहेबांना ते जिव्हारी लागलं. एका कलमं बांधणाऱ्या बाईने गुलाब निवडायचे, मग आपण कशाला? बिनऔषधाचा गुलाब ही कल्पनाच चुकीची आहे, त्यापेक्षा चौकात फरशी घालून टाकू, असं त्यांनी लेखी कळवलं आणि फरश्या मागवूनही टाकल्या. शेवटी ठरलं ते असं. माळीणबाईच्या घरामागे, भिंतीलगत, वर्षभर सोळा झाडं लावून बघायची. पाणी, खत, छाटणी चालेल, पण बुरशीच्या औषधाचा एक थेंब पडला तरी निवड रद्द आणि चौकात फरशी. ही अट बागसाहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिली आणि माळीणबाईने तिच्याखाली सही केली.

ती सोळा झाडं तिने कुठून कुठून जमवली होती. आठ वेली, आठ झुडपी. प्रत्येकाला कागदावर नंबर होता, पण घरात त्यांची नावं सासरमाहेरच्या नात्यांवरून पडली होती. दाट गुलाबी, चढत चढत भिंतीपलीकडे जाणारी, काटे आणि सुगंध दोन्ही भरपूर, ती आत्याबाई. पांढरी, छोटी, लिंबाच्या पानासारख्या वासाची आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेली झुडपी गुलाबाची जात, ती धाकटी जाऊ. जांभळट फुलांची मामी होती, मधासारखा वास असलेली मावशी होती. आणि निवड एकतर्फी वाटू नये म्हणून बागसाहेबांचा तो लाडका तांबडालाल गुलाबही तिने ओळीत लावला होता. त्याचा थाट बघून त्याला विहीणबाई म्हणायचे.

वर्षातले अकरा महिने सगळं सुरळीत चाललं. मग मुलीचं बाळंतपण आलं. ओल्या हवेचे, म्हणजे परीक्षेचे खरे दिवस नेमके तेच. निघताना तिने नवऱ्याला दहा वेळा बजावलं होतं, "नुसतं बघायचं. काहीही करायचं नाही. मरतील त्या मरू देत." कंपाउंडरने मान डोलावली होती. पण पेशंट डोळ्यांसमोर आजारी पडतोय आणि आपण हात बांधून उभे आहोत, हे त्याच्याने कसं व्हावं? दुसऱ्याच दिवशी कपड्यांना इस्त्री करताना पाणी मारायचा छोटा हातपंप त्याने खाली काढला.

आणि आता हॉस्पिटलची समिती झाडं बघायला यायला तीन दिवस राहिले होते.

"मला वाटलं, तुला मदत होईल," कंपाउंडर म्हणाला.

"मदत?" माळीणबाईचा आवाज चढला. "आता कुठली झाडं आपल्या जिवावर उभी आहेत आणि कुठली तुमच्या पंपावर, हे मला तरी कळतंय का? उद्या एखादी चुकीची निवडली आणि चौकात जाऊन आजारी पडली, तर पुन्हा फवारे, पुन्हा त्या खिडक्या बंद. आणि तेही माझ्या सहीने!"

"कुणाला सांगायचंच नाही. तक्ता जाळून टाकतो."

"खबरदार तक्त्याला हात लावाल तर!"

मग तिला जे खरं टोचत होतं ते बाहेर आलं. "तुम्हाला वाटलं मी हरणार. म्हणून पंप काढलात. माझ्या निवडीवर तुमचा एवढाही भरवसा नव्हता."

कंपाउंडर चष्मा पुसत बसला, आणि ते पुसत बसणं तिला उलट उत्तरापेक्षा जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहाही न घेता निघाली. डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगून टाकायचं, निवड रद्द करा, माझ्याच घरात घात झाला. रस्त्याने गेलं तर नवरा खिडकीतून बघत राहणार, म्हणून ती मागच्या गल्लीत शिरली. ही गल्ली म्हणजे दोन भिंतींमधली चिंचोळी वाट. हातगाडीवाले सोडले तर तिथून कुणी जात नसे. आपल्याच घराच्या भिंतीखालून ती तरातरा चालली होती, एवढ्यात तिचा पदर कशात तरी अडकला.

"आता तू पण!" असं म्हणत ती वळली. भिंतीवरून गल्लीत उतरलेली गुलाबाची एक फांदी होती. उघडीबोडकी. टोकाला तीन पानं, तिन्ही पिवळी, तिन्हींवर काळे ठिपके. पदर सोडवता सोडवता तिने फांदीचा माग वरपर्यंत काढला आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. ती रडकी होती.

अंगणाकडे हसणारी रडकी गल्लीकडे नेहमीसारखीच ढसाढसा रडत होती.

माळीणबाई दोन पावलं मागे सरकली. वेली गुलाबच ते, वर्षभरात आठच्या आठ भिंत ओलांडून गल्लीत उतरले होते. कंपाउंडरने फवारलं होतं ते अंगणातल्या वाटेवर उभं राहून, समोर दिसेल तेवढं. गल्लीत येऊन मारावं हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. दवाखान्यातही तो खिडकीतून समोर येईल त्यालाच औषध द्यायचा. म्हणजे भिंतीच्या या अंगाला एक थेंब पडला नव्हता. ती एकेक वेल बघत निघाली. रडकीची डावी शेजारीण, खालपासून पिवळी. तिच्यापुढची, नुसत्या काड्या. मग उजवीकडे आत्याबाई. गल्लीवर गुलाबी फुलांचा सडा टाकून, तेलकट चकाकणारी हिरवी पानं अंगभर घेऊन, रडकीच्या मांडीला मांडी लावून बसलेली. माळीणबाईने तिचं पान न् पान उलटून पाहिलं. वर स्वच्छ, खाली स्वच्छ.

"आत्याबाई," ती मोठ्याने म्हणाली, "तुमच्या पाया पडते मी!"

हातगाडीवाला चमकून बघायला लागला. पण तिला आता कुणाची पर्वा नव्हती. ती तशीच उलट्या पावली घरी पळत आली. झुडपी गुलाब भिंत ओलांडत नाहीत, पण भिंत आणि झाडं यांच्यामध्ये वीतभर फट होती. मागच्या अंगाला हातपंपाचा फवारा पोचलेला असणं शक्यच नव्हतं. साडी खोचून ती त्या फटीत आडवी शिरली. तासाभराने बाहेर आली तेव्हा दोन्ही हात ओरखड्यांनी भरले होते आणि चेहरा उजळला होता. कंपाउंडर कापूस आणि बाटली घेऊन उभाच होता.

"औषध नको," ती म्हणाली. "तक्ता कुठाय तो द्या."

ठरल्या दिवशी समिती आली. डॉक्टरीणबाई, वॉर्डच्या मुख्य सिस्टर आणि बागसाहेब. बागसाहेबांनी कोटाच्या खिशाला आपला तांबडालाल गुलाब खोचला होता. ते वाटेवरून ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात मागे बांधून चालत गेले आणि विहीणबाईपाशी थबकले. झाड कसं राजबिंडं दिसत होतं.

"बघा," ते डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाले, "वर्षभर औषध नाही, तरी माझा गुलाब ठणठणीत! इतकी वर्षं मी काय सांगत होतो? मग बाकीच्या पंधरांची गरजच काय?"

"साहेब," माळीणबाई म्हणाली, "औषध दिलंय. पाच वेळा. हा तक्ता."

तिने सगळं सांगितलं. बाळंतपण, हातपंप, जेवणानंतरचा डोस, काही लपवलं नाही. कंपाउंडर दाराच्या चौकटीत उभा होता, त्याचे कान लालबुंद झाले. बागसाहेबांनी तक्ता वाचला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"मग प्रश्नच मिटला. अट स्पष्ट आहे. एक थेंब पडला तरी रद्द. सही तुमचीच आहे ना, बाई?"

"माझीच. रद्द करा. पण करायच्या आधी पाच मिनिटं गल्लीत चला."

"गल्लीत काय आहे?"

"जिथं आमच्या ह्यांचा पंप पोचला नाही ते सगळं गल्लीत आहे."

बागसाहेब नाक मुरडत होते, पण डॉक्टरीणबाई निघाल्याही. गल्लीत पोचल्यावर माळीणबाई नुसती रडकीखाली जाऊन उभी राहिली आणि बोटाने भिंतीचा माथा दाखवला. अंगणाकडे हिरवी फांदी, गल्लीकडे तीच फांदी बोडकी. शाळेतल्या पोरालाही कळावं इतकं स्वच्छ. मग ती बाजूला सरकली आणि आत्याबाई दिसली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर चढवला, पान हातात घेतलं आणि डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं.

"आणि झुडपांचं?"

"त्यांना मागून दोऱ्या बांधून ठेवल्यात. ओढलं की पाठ दिसते."

पुन्हा सगळे अंगणात आले. माळीणबाईने एकेक दोरी ओढली. धाकटी जाऊ, मागूनपुढून सारखीच. मामी, तशीच. मावशी, तशीच. शेवटची दोरी विहीणबाईची. ती ओढली मात्र, सिस्टरांच्या तोंडून "अगंबाई!" निघालं. समोरून राजबिंड्या दिसणाऱ्या विहीणबाईंना पाठीमागे एक धड पान नव्हतं. भुरी, ठिपके, तांबेरा, जे जे म्हणून गुलाबाला होतं ते सगळं तिथं एकत्र नांदत होतं.

पण हार मानतील तर ते बागसाहेब कसले. "ते काहीही असो. अट ती अट. औषध पडलंय."

"साहेब," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नवीन थेंब गुणकारी आहेत की नाहीत हे आम्ही कसं ओळखतो, माहीत आहे? एका डोळ्यात घालतो, दुसऱ्यात घालत नाही. मग दोन्ही डोळ्यांत बघतो. माणूस तोच, हवा तीच, फरक फक्त थेंबाचा. इथं प्रत्येक झाडाचं तेच झालंय. उलट औषध अजिबात दिलं नसतं, तर तुम्हीच म्हणाला असता की यंदा रोगच नव्हता, म्हणून झाडं टिकली. आता रोग होता हे तुमच्याच गुलाबाच्या पाठीवर लिहिलंय."

डॉक्टरीणबाईंनी बागसाहेबांच्या हातातला तक्ता घेऊन त्यावर नजर फिरवली. "आणि नोंदी तर आमच्या वॉर्डपेक्षा चांगल्या आहेत. अट कशासाठी होती? औषधाशिवाय कोण जगतं ते कळावं म्हणून. ते कळलं. किती निघाले?"

"सात," माळीणबाई म्हणाली. "तीन वेली, चार झुडपी. चौकात जागा पाचांची आहे. पाच कुठले, ते मी ठरवणार नाही."

"मग कोण?"

"ज्यांच्यासाठी लावायचेत ते."

तिने सातही झाडांची फुलं गल्लीकडच्या नाहीतर भिंतीकडच्या अंगाची, म्हणजे औषध न लागलेली, पहाटेच कापून चहाच्या कपांत घातली होती. बागसाहेब हट्टाला पेटले, माझंही फूल ठेवा. त्यांनी खिशावरचा गुलाब काढून आठव्या कपात खोचला. कुणी हरकत घेतली नाही. ट्रेमध्ये आठ कप घेऊन वरात हॉस्पिटलच्या वॉर्डात शिरली, आणि सगळ्यांत मागे, बोलावलं नसताना, कंपाउंडरही आला.

वॉर्डात अकरा माणसं पट्ट्या बांधून पडली होती. कुणी भिंतीकडे तोंड करून, कुणी छताकडे. सिस्टरांनी सांगितलं, एकेक कप नाकाशी धरू, आवडेल त्याला हात वर करा. पहिल्या पलंगावर एक बस ड्रायव्हर होता. चार दिवस कुणाशी धड बोलला नव्हता. आठवा कप बागसाहेबांनी आधी पुढे केला होता, म्हणून त्याला पहिला तोच मिळाला. त्याने एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं, मग कप हलवून बघितला.

"बाई, यात काही घालायचं राहिलं का?"

सगळ्या वॉर्डात हशा पिकला. ज्यांना काय झालं ते दिसलं नव्हतं तेही हसले. बागसाहेब खोकले आणि उगाचच खिडकीची कडी तपासायला गेले.

मग त्याच्या हातात आत्याबाई आली. त्याने कप नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. सिस्टरांनी घ्यायला हात पुढे केला, तर तो सोडेना. "थांबा हो जरा," तो म्हणाला, "कुठं पळून चाललाय का गुलाब?" शेजारच्या पलंगावरची शिवणकाम करणारी बाई उठून बसली आणि हात हवेत चाचपडत म्हणाली, "मला द्या, मला द्या, एकटा काय घेऊन बसलाय तो." तिला धाकटी जाऊ मिळाली. तिने वास घेतला आणि म्हणाली, हा असा वास असेल तर आणखी आठ दिवस ठेवा मला. पाहता पाहता सगळा वॉर्ड जागा झाला. कुणी मामीसाठी भांडत होतं, कुणी मावशी परत मागत होतं. एकाने तर प्रत्येक कपाला हात वर केला आणि सिस्टरांनी त्याला दम दिला की असं चालणार नाही. वाद झाले, फेरमतदान झालं, सातांतले दोन कप बाद झाले. उरले पाच. दोन वेली, तीन झुडपी. डॉक्टरीणबाईंनी तिथंच उभ्या उभ्या कागदावर पाच नंबर लिहिले, खाली 'फरशीचं काम रद्द' असं लिहिलं आणि कागद बागसाहेबांच्या पुढ्यात धरला. त्यांनी सही केली. जाताना दारात थांबून माळीणबाईला म्हणाले, "त्या धाकट्या जावेची एक काडी मिळेल का, घरी लावायला?"

"मिळेल," ती म्हणाली. "पण औषध नाही मारायचं."

माळीणबाईचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिने निवडलेले गुलाब तिच्या नावाने लागणार होते. तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण सांगायचं कुणाला, सगळे आपापल्या कपात नाक घालून बसले होते.

"काय हो," ड्रायव्हरने विचारलं, "ही फुलं निवडली कुणी?"

डॉक्टरीणबाई उत्तर देणार, तेवढ्यात मागून घसा खाकरल्याचा आवाज आला. कंपाउंडर पुढे झाला होता. हाताची बोटं एकमेकांत गुंतवून, परीक्षेला बसल्यासारखा उभा.

"आमच्या हिने," तो म्हणाला. "छत्तीस वर्षं मी हिच्याबरोबर राहतोय, तरी मला वाटलं ही हरणार. म्हणून चोरून औषध मारलं. या झाडांना त्याची काही गरज नव्हती." तो थांबला. पुढचे शब्द त्याला कधी लागलेच नव्हते, त्यामुळे ते सापडायला वेळ लागला. "मी चुकलो."

छत्तीस वर्षांत त्याची गाडी चुकली होती, वाट चुकली होती, एकदा तर मुलीच्या लग्नाची वेळ चुकली होती, पण 'मी चुकलो' हे त्याच्या तोंडून माळीणबाईने कधी ऐकलं नव्हतं. सकाळपासूनच्या सगळ्या आनंदापेक्षा हा आनंद मोठा होता, आणि तो असा पटकन संपू द्यायची तिची मुळीच तयारी नव्हती. तिने पदराने डोळे पुसले आणि नवऱ्याला कोपराने हळूच ढोसलं.

"जरा मोठ्याने सांगा. त्या शेवटच्या पलंगाला ऐकू गेलं नाही."

कंपाउंडरने तिच्याकडे पाहिलं, घसा साफ केला, आणि अकराच्या अकरा पलंगांना ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा एकदा सांगितलं.